काकूने पाहिलेलं राष्ट्रपतिभवन

दिल्लीला जाऊन आलो असं म्हटलं की डोंबिवलीतला माणूस पहिल्यांदा विचारतो, "ताजमहाल पाहिलात?" ताजमहाल आग्र्याला आहे हे त्यालाही ठाऊक असतं. पण गाडी आग्र्यावरूनच जाते, मग उतरायला काय धाड भरली होती, असा त्याचा रोख असतो. नाही पाहिला म्हणतो. मग कुतुबमिनार? नाही. लाल किल्ला? टांग्यातून, ओझरता. मग एवढी थंडी खाऊन केलंत तरी काय?

"राष्ट्रपतिभवन पाहिलं."

"आणि?"

"आणि परत आलो."

मी कल्याणच्या शाळेत इतिहास शिकवतो. इतिहासाच्या मास्तराने दिल्लीला जावं आणि एक घर पाहून परत यावं, याची आमच्या शिक्षकांच्या खोलीत महिनाभर थट्टा झाली. एकाने तर विचारलं की राष्ट्रपतींनी जेवायला थांबवून घेतलं होतं का. सगळ्यांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसलो आहे. घराचं वर्णनही येईल, कारण तेवढं घर पाहायला दुसऱ्या कुणी तीस वर्षं वाट पाहिली असेल असं मला वाटत नाही. वाट पाहणारा मी नव्हे. माझी चुलती, यमुनाकाकू.

काकूची हकीगत थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझे विष्णूकाका ड्राफ्ट्समन होते, इमारतींचे नकाशे काढायचे. इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवली आणि रायसीनाच्या टेकडीवर व्हाइसरॉयसाठी वाडा बांधायला काढला, तेव्हा काकांना तिथे नोकरी लागली. लग्न होऊन वर्ष झालं असेल-नसेल. कल्याणला पारनाक्याच्या आमच्या बिऱ्हाडात ते एकदाच रजेवर आले. मी तेव्हा लहान होतो, पण काका अंगणात उकिडवे बसून रांगोळीने काहीतरी काढताहेत आणि काकू दाराआडून बघते आहे, एवढं मला आठवतं. तो त्या वाड्याचा खांब होता. उभ्या रेघांचा माथा आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार घंटा. "असा असेल बघ," काका म्हणाले. परत जाताना सांगून गेले, "काम संपलं की येतो."

पुढे त्यांची पत्रं थांबली. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथल्या कचेरीला विचारलं, तर ते कामावर येईनासे झाले आहेत आणि ठावठिकाणा माहीत नाही, असं उत्तर आलं. साथीच्या तापाचे दिवस होते. अप्पा एकदा स्वतः जाऊन दवाखाने पालथे घालून आले. काही कळलं नाही.

माणूस असा परागंदा झाला आणि बारा वर्षं काही कळलं नाही, तर आपल्याकडे पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्यालाच तो माणूस समजून अग्नी द्यायचा आणि पुढचं सगळं रीतीप्रमाणे. बायकोचं कुंकू त्या दिवशी जातं. बारा वर्षं भरली तेव्हा भटजी घरी आले होते. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "काम संपलं की येतो म्हणालेत. संपलं असतं तर आले असते." भटजी चहा पिऊन गेले.

त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही. दर पितृपक्षात अप्पा मात्र पिंड ठेवताना थांबायचे. धाकट्या भावाचं जिवंतांत पान नाही आणि गेलेल्यांत पिंड नाही, हे त्यांना खात राहिलं, आणि तेच घेऊन ते गेले. पारनाक्यावरच्या बायकांची वेगळीच पंचाईत. हळदीकुंकवाला काकूला बोलवावं तर मनात पाल चुकचुकते, न बोलवावं तर कपाळावर रुपयाएवढं कुंकू दिसतंय. काकू कधी कुणाकडे गेलीच नाही. तिने सगळ्यांची सोय केली.

आणि रोज सकाळी सडा घातला की दारात तोच खांब काढायची, चार घंटांसकट.

वाडा केव्हाच बांधून झाला, व्हाइसरॉय राहिले आणि गेले, देश स्वतंत्र झाला, तिथे आता आपले राष्ट्रपती राहतात, हे सगळं काकूला माहीत होतं. वर्तमानपत्र ती माझ्याआधी वाचते. पण मी डोंबिवलीला घर बांधलं तेव्हा तिचं गणित मला कळलं. आमच्या घराला भिंती आणि कौलं झाली आणि गिलावा व्हायच्या आधीच आम्ही राहायला आलो. भोवती भातशेती, संध्याकाळ झाली की कंदील, आणि घरात विटा उघड्या. तिथे एकदा ती सहज म्हणाली, "माणसं राहायला येतात म्हणजे काम संपलेलं असतं थोडंच." कोणत्या साली काय पुरं झालं हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो. घरी मात्र कधी उच्चारलं नव्हतं.

यंदा माघात आई आजारी पडली. बरी झाल्यावर तिने मला जवळ बसवून सांगितलं, "माझ्या डोळ्यांदेखत भावजींना पाणी मिळू दे. तू तिच्याशी बोल." मी बोललो. काकू तांदूळ निवडत होती. निवडून झाल्यावर म्हणाली, "मला एकदा ते काम दाखव. मग तुम्ही म्हणाल ते करू."

असे आम्ही निघालो.

पहाडगंज

प्रवास लांबचा आहे, कंटाळवाणा आहे आणि कोळशाचे कण डोळ्यांत जातात. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. एक मात्र सांगितलं पाहिजे. भुसावळ मागे पडलं आणि पुढे जंगलात शिरलो तर दोन्ही अंगांना पळस फुललेला. पान म्हणून नाही, नुसतं केशरी. मी काकूला म्हटलं, बघ तरी. तिने पाहिलं आणि पदर सारखा करून पुन्हा आत वळली. मी जीभ चावली.

प्रवासात बाहेरचं शिजवलेलं काकू खात नाही. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिळाची चटणी आणि गूळ असा आमचा शिधा. शिवाय तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेला एक पितळी डबा होता. दशम्यांचा कंटाळा आला तेव्हा मी त्या डब्याकडे वळलो. आत भाजणीची कडबोळी असणार, हे वासावरून कळतच होतं.

"त्याला हात नको लावूस," काकू म्हणाली. "ती वेगळी आहेत."

कुणासाठी वेगळी, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. कडबोळी काकांना फार आवडायची, हे आईकडून कधीतरी ऐकलं होतं.

दिल्लीत पहाडगंजला मराठी मंडळींनी चालवलेलं एक उतरायचं ठिकाण आहे. तिथली व्यवस्था नाना म्हणून एक गृहस्थ पाहतात, मूळचे नाशिककडचे. तूप आणि दिल्लीचा अभिमान, दोन्ही सढळ हाताने वाढतात. दिल्लीचा मुळा हातभर लांब आणि चवीला गोड. गाजरं लाल, त्यांचा हलवा करतात. वाटाणा तर आपल्याकडे मेथी घ्यावी तसा ढिगाने घेतात. आमटीवर मात्र काकूचा रोष झाला. "आमसूल नाही, गूळ नाही. नुसती डाळ उकळून ठेवलीय," म्हणाली. नानांनी ते हसण्यावारी नेलं, पण संध्याकाळच्या आमटीत चिंच होती.

थंडी मात्र खोटी नव्हे. आपण कल्याणला पहाटे खाडीवरून गार वारा आला की त्याला थंडी म्हणतो. दिल्लीत पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नाहीत. काकू नऊवारीवर एक विरविरीत शाल घेऊन कुडकुडत चौकात बसली होती. समोरच्या खोलीत राहणारी पंजाबी बाई काही न बोलता आली आणि स्वतः विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर तिच्या अंगात चढवून गेली. मग दुपारभर दोघी उन्हात बसून बोलत होत्या. एक मराठीत, एक पंजाबीत. कल्याण कॅम्पातल्या सिंधी बायका दारावर पापड घेऊन येतात, तेव्हाही काकू त्यांच्याशी असंच तासन्‌तास बोलते. काय कळतं कोण जाणे.

संध्याकाळी तिने मला सांगितलं, "ती रावळपिंडीकडची. फाळणीत नवरा मागे राहिला तो राहिलाच." मग म्हणाली, "त्यांच्यात काय करतात रे? पळसाचं काही असतं का?"

ते त्या बाईला विचारावं असं मला वाटलं नाही.

रायसीनाची चढण

त्याच संध्याकाळी टांगा करून निघालो. आत जायचा पास नाना दुसऱ्या दिवशीचा मिळवणार होते, पण काकूला धीर नव्हता. आता वाचकांनी थोडा मास्तर सहन करावा, कारण ती इमारत खरोखरच सांगण्यासारखी आहे.

समोर एक रुंद सरळ रस्ता आहे. आपल्याकडच्या गल्ल्यांत राहणाऱ्याला तो रस्ता वाटतच नाही, मैदान वाटतं. त्याच्या टोकाला टेकडी, टेकडीवर दोन बाजूंना सरकारी कचेऱ्या आणि मधोमध, मागे, राष्ट्रपतिभवनाचा घुमट. हा घुमट इंग्रजांच्या गिरजाघरासारखा नाही. तो सांचीच्या स्तूपावरून घेतला आहे, भोवतीचा कठडासुद्धा. घडवणारा इंग्रज आपल्या कलेला नाकं मुरडायचा असं म्हणतात, पण दिल्लीचं ऊन डोक्यावर आल्यावर त्याने सगळं आपलंच घेतलं. सावलीसाठी लांब छज्जे, वाऱ्यासाठी जाळ्या, गच्चीवर दगडी छत्र्या. खाली तांबडा दगड आणि वर सायीच्या रंगाचा. ऊन कललं की दोन्हींची सीमा पुसट होत जाते.

टांगा चढणीला लागला आणि काकू एकदम म्हणाली, "गेला की रे."

घुमट गेला होता. जसजसं वर चढावं तसतसा तो खाली बुडतो आणि चढणीच्या मध्यावर साफ दिसेनासा होतो. ही त्या बांधकामातली प्रसिद्ध चूक आहे. दोन इंग्रज स्थापत्यकार होते. एकाने वाडा बांधला, दुसऱ्याने कचेऱ्या. चढणीचा उतार ठरला तेव्हा कागदावर कुणाच्या लक्षात आलं नाही की वाडाच झाकला जाईल. लक्षात आलं तोवर उशीर झाला होता आणि दोघांची मैत्री कायमची तुटली. हे सगळं मी काकूला सांगितलं.

"भाऊ होते का एकमेकांचे?" तिने विचारलं.

"नाही. मित्र."

"मग ठीक," ती म्हणाली. तेवढ्यात आम्ही वर पोहोचलो आणि घुमट पुन्हा वर आला.

मोठ्या लोखंडी फाटकाशी टांगा थांबवून आम्ही गजांतून आत पाहिलं. तांबड्या बारीक खडीचं अंगण, मधे उंच स्तंभ, त्याच्या टोकावर काचेचा तारा. मागे खांबांची लांबच लांब रांग. एवढ्या अंतरावरून खांबांच्या माथ्याचं काही दिसत नव्हतं. मी घंटा शोधत होतो. काकू वेगळंच काही पाहत होती.

"मधू, ती परांची ना रे?"

डाव्या अंगाला, अगदी कडेच्या भिंतीला, बांबूंची परांची बांधलेली होती. तिच्यावर दोन-तीन माणसं बसून दगडावर काहीतरी ठोकत होती. टाकीचा आवाज नीट ऐकलं तर येत होता.

"चालू आहे," काकू म्हणाली. "बघ. चालू आहे अजून."

तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि मला आमच्या अंगणात दाराआडून बघणारी ती मुलगी दिसली. इमारतीला परांची लागते ती फक्त बांधताना नव्हे, हे डोंबिवलीतला गवंड्याच्या हाताखालचा माणूसही जाणतो. काकूही जाणत असणार. पण त्या वेळी तिने ते जाणायचं नाकारलं आणि मी तिला तसं करू दिलं. परतताना टांग्यात ती मला पारनाक्याच्या जुन्या गोष्टी सांगत होती, जरा जास्तच बोलत होती. जेवताना तिने आमटीला नावं ठेवली नाहीत.

परांची

दुसऱ्या दिवशी फाटकावर शिपायाने आमचा पितळी डबा उघडायला लावला. कडबोळी पाहून तो गोंधळला. हे काय आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, तिखटमिठाची जिलबी समजा. त्याने एक उचलून वास घेतला, दुसऱ्या शिपायाला दाखवलं, दोघांनी विचार केला आणि मग सोडलं. काकूने त्याने हाताळलेलं कडबोळं बाजूला काढून फडक्याच्या टोकाला बांधलं.

पायऱ्या चढताना मान वर केली आणि त्या दिसल्या. काकांनी काढल्या होत्या तशाच. खांबाच्या माथ्याला उभ्या रेघा आणि चार कोपऱ्यांना चार दगडी घंटा. एका खांबाला नव्हे, दिसेल त्या प्रत्येक खांबाला. सांगतात की राज्य बुडायचं असलं की आधी घंटा वाजतात, म्हणून या घंटा दगडाच्या केल्या. वाजणार नाहीत म्हणजे राज्यही बुडणार नाही. खरं-खोटं घडवणारा जाणे. राज्य तर गेलं.

काकू बराच वेळ वर पाहत उभी होती. मागची माणसं खोळंबली.

"मी रांगोळीत घंटांना लोलक काढते," ती म्हणाली. "यांनी मला काढून दाखवला नव्हता. मला वाटलं विसरले असतील, म्हणून मीच घातला."

खालून पाहताना लोलक दिसत नव्हता खरा. मी म्हटलं, आत असेल, इथून दिसत नाही. ती म्हणाली, असेल.

घुमटाच्या खाली दरबार हॉल आहे. भिंती पांढऱ्या संगमरवरी, खांब पिवळसर, छत इतकं उंच की बोलणारा आपोआप आवाज खाली आणतो. इथे व्हाइसरॉयचं सिंहासन असायचं. आता देशभरातून आणलेल्या जुन्या मूर्ती मांडून त्याचं संग्रहालय केलं आहे. जिथे राजेमहाराजे मान लववून उभे राहायचे तिथे कुठलेकुठले गावकरी टाचा उंचावून यक्षिणी बघत होते. मला ते फार आवडलं. आपले राष्ट्रपती म्हणे एवढ्या शेकडो खोल्या सोडून एका बाजूच्या बेताच्या खोल्यांत राहतात. काकूला मी हे सांगत होतो, पण तिचं लक्ष भिंतीकडे होतं. ती सांध्यांवरून बोट फिरवत चालली होती. मूर्ती तिने पाहिल्याच नाहीत. भिंत संपली की कोपरा, कोपरा संपला की चौकट, चौकटीचा कंगोरा, उंबरा. डोंबिवलीच्या घरात गवंडी गेल्यावर आपण राहिलेलं काम बघत फिरतो, तशी ती फिरत होती.

राहिलेलं काही नव्हतं.

मागची बागही पाहिली. माघ-फाल्गुनात ती लोकांना खुली असते. पाण्याचे पाट, दगडी कमळांची कारंजी आणि ताटाएवढी फुलं, ज्यांची नावं मला येत नाहीत. एरवी काकू प्रत्येक फुलाची चौकशी करती. इथे ती नुसती चालली. बाग संपता संपता म्हणाली, "मला त्या परांचीपाशी ने."

तिकडे जायची परवानगी नव्हती. पण बाहेर पडायची वाट त्या भिंतीजवळूनच होती आणि दुपारच्या सुट्टीत माणसं खाली उतरून दोरीच्या अलीकडे, उन्हात भाकऱ्या खात बसली होती. चार-पाच पाथरवट आणि त्यांचा चाळिशीचा मुकादम. काकू थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. स्वेटर घातलेली नऊवारीतली बाई पाहून तो उठला.

"बाबा, काम कब संपेगा?" तिने विचारलं.

त्याला कळलं. "काम तो कब का खतम हो गया, माताजी," तो म्हणाला. "हम तो टूट-फूट देखते हैं. पत्थर कहीं झड़ गया तो नया बिठा देते हैं."

"कब का?"

"मैं तब लड़का था. बाप यहीं काम करता था. काम पूरा हुआ तो सब अपने-अपने घर चले गए."

"सब?" काकूने विचारलं.

"सब. यहाँ रहकर क्या करते?"

मी काकूच्या मागे उभा होतो. तिचा चेहरा मला दिसला नाही, आणि दिसला नाही हे बरं झालं. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं, काही चुकीचं बोललो का म्हणून. मी मान हलवली. त्याचं काही चुकलं नव्हतं. इतकी वर्षं आमच्यापैकी कुणी जे बोललं नव्हतं, ते त्याने भाकरी खाता खाता सांगितलं होतं.

काकू खाली बसली. डब्याचं फडकं सोडलं. प्रत्येकाच्या भाकरीवर दोन-दोन कडबोळी ठेवली. "खा," म्हणाली, मराठीतच. ते खाऊ लागले. भाजणीची कडबोळी चांगली कुरकुरतात, तो आवाज येत होता. मुकादमाने मान डोलावून चांगली आहेत असं सांगितलं. काकूने त्याला आणखी दिली. डबा रिकामा होत आला तेव्हा शेवटची दोन तिने माझ्यापुढे धरली.

"घे. आता तुझीच."

मी घेतली. रडू आवरत कडबोळं चावणं फार अवघड असतं. ते मी तिथे, राष्ट्रपतिभवनाच्या भिंतीशी, पाथरवटांच्या पंगतीत बसून केलं. आमच्या शिक्षकांच्या खोलीने विचारलं होतं ना, जेवायला थांबवून घेतलं का? घेतलं होतं.

निघताना काकूने एकदाच मागे वळून पाहिलं. "छान झालंय पण काम," ती म्हणाली.

परत

नाना म्हणाले, कुतुब तरी बघून जा. काकूने स्वेटर धुऊन, वाळवून, घडी करून पंजाबी बाईला परत केला. तिने घेतला नाही. काकूने मग तिच्याजवळचा खण काढून तिची ओटी भरली. बाईला रीत माहीत नव्हती, पण तिने पदर पसरला. सवाष्णीने सवाष्णीची भरायची असते ती ओटी. पहाडगंजच्या त्या चौकात त्या दोघींनी एकमेकींना तसं मानलं.

परतीच्या गाडीत काकू खिडकीशी बसली. आग्रा आलं आणि गेलं. इटारसीनंतर पुन्हा पळस लागला. या वेळी ती सारखी बाहेर पाहत होती.

"मधू, याला पान नाही रे एकही."

"फुलतो तेव्हा पानं झडलेली असतात."

"मग पुतळा कशाचा करायचा?"

मी म्हटलं, पत्रावळीची वाळलेली पानं मिळतात. कल्याणला आल्यावर भटजींना विचारलं तर ते म्हणाले, वाळकी नकोत, ओली हवीत, देठासकट. वैशाखात पालवी येईल तेव्हा करू. आईला वाटलं, काकू आता नको म्हणेल. काकू म्हणाली, "येऊ दे पानं."

तर फाल्गुन, चैत्र आणि अर्धा वैशाख काकू आमच्या घरात कुंकू लावून वावरली. सगळं माहीत असून. चैत्रगौर आली तेव्हा डोंबिवलीतल्या शेजारणी, ज्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं, तिला हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. आणि काकू गेली. कल्याणला कधी गेली नव्हती ती इथे चार घरी गेली, कैरीची डाळ खाऊन आली, ओटीत हरभरे घेऊन आली. आईने ते पाहिलं आणि ती आत जाऊन रडली. रोजचा सडा, रोजची रांगोळीही चालू होती. घंटांना आता ती लोलक काढत नव्हती.

वैशाखात टिटवाळ्याच्या पलीकडच्या रानातून ओली पानं आणली. खाडीच्या काठी मी काकांना अग्नी दिला. पळसाचं ओलं पान लवकर पेटत नाही, धूर फार होतो. अप्पांची मला तेव्हा फार आठवण झाली. यंदाच्या पितृपक्षात काकांचा पिंड त्यांच्याशेजारी असेल.

सुतक फिटलं आणि मी शाळेला निघालो. सकाळ नेहमीसारखी होती. शेजारच्या शेतात राब जाळल्याचा वास येत होता, कुणीतरी विहिरीवर रहाट ओढत होतं. आमच्या अंगणात सडा घातलेला होता आणि त्यावर काही नव्हतं. पाय पडू नये म्हणून उंबऱ्यापासून डावीकडे वळसा घालून बाहेर पडायची मला लहानपणापासूनची सवय. तसा मी वळलो.

काकू दारात उभी होती.

"सरळ जा रे, मधू," ती म्हणाली. "आता काही नाही तिथे."